नऊ वाजताचा कुकर

पांढरकवड्याला मी ज्या घरात भाड्याने राहत होते, तिथे रोज रात्री नऊ वाजता कुकर लागायचा. त्यात ना डाळ असायची ना तांदूळ, घरातले सगळे मोबाइल असायचे. पाच लिटरचा जुना कुकर, शिटी हरवलेली, रिंग केव्हाच ढिली झालेली, तळाशी गोधडीचा एक तुकडा घातलेला. नऊ वाजले की घरमालकीण काकू टीव्ही बंद करत, कुकर घेऊन ओसरीवर येत आणि आवाज देत, "चला व पोरींनो, कुकर लावा." आम्ही आपापले फोन बंद करून त्यात ठेवायचे, त्या झाकण लावायच्या आणि कुकर देवघराशेजारच्या कोनाड्यात जायचा. पहिल्या भेटीतच मला वाटलं, या बाईंचं डोकं फिरलंय. पहिल्या रात्री खात्रीच झाली.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नव्हतं, मांसमच्छी खातेस का हेही विचारलं नव्हतं. "फोन दाखव," म्हणाल्या. मी दाखवला. त्यांनी तो उभा धरला, आडवा धरला, आणि म्हणाल्या, "बसते. ये तू सोमवारी राहाले." मी नाशिककडची. नोकरीतली पहिलीच नेमणूक, तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत. तिथली बोली कानाला नवीन होती आणि ही बाई बोलीपेक्षाही नवीन. फोन कशात बसतो ते सोमवारी रात्री कळलं.

काकू उंच, किडकिडीत, पाठीचा कणा ताठ. खुर्चीवर बसल्या तरी टेकून बसत नसत. अख्खी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली होती, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. गावातली जुनी माणसं त्यांना अजून टेलिफोनवाल्या बाईच म्हणायची. नवरा लवकर गेला, एक मुलगा पदरात, तो त्यांनी त्याच नोकरीवर वाढवला. घरात त्या अस्सल वऱ्हाडी बोलत, पण फोनचा रिसीव्हर कानाला लागला की त्यांचं बोलणंच बदलायचं. "नमस्कार, बोला," अशा स्वच्छ, छापील मराठीत सुरुवात व्हायची आणि आवाज असा गोड, की समोरच्याला वाटावं एखादी कॉलेजातली मुलगी बोलतेय. दुधाचा हिशेब विचारायला फोन करणारा गवळीसुद्धा बिचारा त्यांना "मॅडम" म्हणायचा. तोच सकाळी दारात आला की "काय रे पोट्ट्या, पानीच आनून राह्यला तू" असं ऐकायचा.

पूर्वी परगावी लावायचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. तेवढा वेळ झाला की ऑपरेटर मध्ये येऊन विचारायची, वाढवायचा का? काकू नोकरीतून सुटल्या, पण ही सवय काही त्यांच्यातून सुटली नाही. शेजारीण सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आली की त्या मन लावून ऐकत, च्‌ च्‌ करत, मध्येच "हो का व?" म्हणत, आणि मग एकदम मान वर करून विचारत, "तीन मिन्टं झाले. वाढवाचे का?" बहुतेक जणी गडबडून नाही म्हणत आणि मुकाट्याने चहा पीत. माझं आईशी फोनवर बोलणं चाललं असेल तर दारात उभ्या राहून तीन बोटं दाखवत. घरी सत्यनारायण होता तेव्हा गुरुजींनी साधुवाण्याची कथा जरा रंगवायला घेतली. काकू हात जोडून बसल्या होत्या, त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "तीन मिन्टं, गुरुजी," एवढंच म्हणाल्या. गुरुजी तिथून जे सुटले ते थेट आरतीवर आले.

आमच्या घरात आम्ही तिघी. काकू, मी, आणि मागच्या खोलीत कळंबची एक नर्स, जिला सगळे सिस्टरच म्हणत. सिस्टर माझ्या आधीपासून तिथे होती आणि कुकरात फोन ठेवताना ती कोणाला तरी भरवावं तशा मायेने ठेवायची. मी मात्र पहिल्या रात्री भांडले. म्हटलं, काकू, मी लहान मूल नाही, माझा फोन मी बघीन. काकू रागावल्या नाहीत. ओसरीवर माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी मला सगळं सरळ सांगून टाकलं. भाडेकरूला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायची, असा त्यांचा नियमच होता.

मुलगा ट्रकवर होता. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर त्याची गाडी चाले, आणि चाले ती बहुतेक रात्री. पूर्वी काकू त्याला रात्रभर थोड्या थोड्या वेळाने फोन लावत. कुठं पोहोचला, जेवला का, झोप येऊन राह्यली का. पोरगा गुणी, आईचा फोन म्हटला की उचलायचाच. एका रात्री त्याने असाच उचलला आणि "हां माय" म्हणतो न म्हणतो तोच गाडी रस्ता सोडून शेतात उतरली. ते सगळं काकूंनी फोनवर ऐकलं. मुलगा वाचला. खांद्याचं हाड मोडलं, तेही पुढे सांधलं. गाडी कशी पलटली हे त्याने मालकाला सांगितलं नाही, पोलिसांनाही सांगितलं नाही. काकूंनी मात्र आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलं.

"मी पलटवली गाडी," त्या मला म्हणाल्या. "लोकाईले वाटते मी फोनच्या इरोधात हाय. फोनच्या जिवावर तं मी लेकरू वाढवलं व. मी माह्या ह्या हाताच्या इरोधात हाय. घरात एक बी फोन जागा असला नं, तं हा हात तिकडं जाते. माहा बंद करून ठेवला होता मी, तं आधीच्या पोट्टीचा उशीखालून काढला. चोरावानी. मंग म्हटलं, आता सगळेच ठेवाचे."

मी फोन बंद केला आणि कुकरात ठेवला. त्यानंतर भांडले नाही.

अगदीच अडीनडीला पुढच्या खोलीत लँडलाइन होती. विणलेल्या झाकणाखाली ठेवलेली, रोज पुसलेली. तो नंबर सिस्टरच्या दवाखान्यात दिलेला होता, माझ्या कचेरीत दिलेला होता, माझ्या आईकडेही होता. "मरनाधरनाचं असन तं ह्याच्यावर येईन," काकू म्हणत. त्यावरून मात्र त्या स्वतः कधी रात्री फोन लावत नसत. त्या फोनचा नंबर दिसला की पोरगा हमखास उचलणार, हे त्यांना ठाऊक होतं. मोबाइल कुकरात घालता येतो, तो लाकडी टेबलावरचा फोन कशात घालणार? रात्री त्या त्याच्याकडे पाठ करून झोपत.

लँडलाइनमुळे आमच्या साहेबांची एकदा काकूंशी गाठ पडली. साहेब रात्री जागे होत. दिवसभर कचेरीत जांभया देत आणि रात्री जेवण झालं की ग्रुपवर हुकूम सोडत. अमुक गावची माहिती सकाळी टेबलावर हवी, तमुक फोटो का टाकला नाही. मग खाली "ओके सर", "येस सर" अशी माळ लागायची. कोण आधी "ओके सर" म्हणतो यावर साहेबांचं बारीक लक्ष असे, त्यामुळे आमच्यातले काही जण नुसते त्यासाठी जागत. माझं "ओके सर" आता सकाळी चहानंतर येऊ लागलं, सगळ्यात शेवटी. साहेबांनी एक आठवडा सोसलं आणि एका रात्री लँडलाइनवर फोन केला. मी झोपायच्या तयारीत होते, काकूंनी उचलला.

"नमस्कार, बोला."

पलीकडून साहेबांनी सांगितलं असावं की मॅडमना द्या, अर्जंट आहे.

"कोणी वारलं आहे का?" काकूंनी छापील मराठीत अगदी हळुवारपणे विचारलं.

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. मग काहीतरी खुलासा.

"माहिती हवी आहे होय? माहिती सकाळपर्यंत खराब होत नाही. आपला निरोप पोहोचवला जाईल. नमस्कार."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत भीतभीतच गेले. साहेबांनी मला आत बोलावलं, समोर बसवलं, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, "तुमच्या घरी कोण असतं हो?" मी म्हटलं, घरमालकीण. "हं," म्हणाले. त्यानंतर त्यांनी लँडलाइनवर कधी फोन केला नाही. कचेरीत माझं नाव मात्र सकाळवाल्या मॅडम पडलं ते बदली होईपर्यंत तसंच राहिलं.

सुरुवातीचे दिवस जड गेले, खोटं कशाला बोलू? अंथरुणावर पडलं की हात आपोआप उशीखाली जायचा आणि रिकामा परत यायचा. छताकडे बघत पडायचं तरी किती? पण झोप लागायला लागली. आणि सकाळ? सकाळ म्हणून एक गोष्ट असते हे मी विसरूनच गेले होते. पूर्वी डोळे उघडायच्या आधी माझा अंगठा उठायचा. चूळ भरायच्या आधी कोणाचा तरी राग, मैत्रिणीची सिमल्याची सहल आणि कुठल्या तरी काकाने पाठवलेले फुलांचे फोटो सगळे डोक्यात येऊन बसलेले असायचे. आई नेहमी म्हणायची, ही सकाळी फार चिडकी असते. आता कळलं की मी चिडकी नव्हते, मला रात्रीच कोणीतरी चिडवून ठेवलेलं असायचं. काकूंच्या ओसरीवर मी सकाळी चहाचा कप घेऊन नुसती बसायची. काकू सडा टाकत असायच्या. समोरच्या कडुनिंबावर राघूंची भांडणं चाललेली असायची. लांबून हायवेवरच्या गाड्यांचा एकसुरी आवाज यायचा. डोक्यात माझ्याशिवाय कोणी नसायचं. इतकं साधं सुख आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं आणि ते एका फुटक्या कुकरामुळे मिळत होतं.

काकूंची सकाळ मात्र अजून सुरू झालेली नसायची. मुलगा रात्र संपवून कुठेतरी चहाला थांबला की लँडलाइनवर फोन करायचा. तोवर काकू अंगण झाडत, दूध तापवत, पण कान आत असत. फोन वाजला की हातातलं टाकून धावत.

"हां माय, थांबलो."

"कुठं?"

"टपरीवर. चहा घेऊन राह्यलो."

"घे."

इतकंच. तीन मिनिटं सोडा, अर्धं मिनिटही नाही. पण फोन ठेवून त्या बाहेर यायच्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मग कुकर उघडायचा, ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या हातात.

त्याचा फोन येईपर्यंत कुकर उघडायचा नाही, हा दुसरा नियम. त्यालाही कारण होतं. आमच्या भागातल्या ग्रुपांवर हायवेवरच्या अपघाताचे फोटो सकाळी सकाळी यायचे. कुठे काय झालं हे कळायच्या आत पलटलेल्या ट्रकचा फोटो शंभर जणांनी पुढे पाठवलेला असायचा. एका सकाळी काकू असा एक फोटो मोठा करकरून त्यातला गाडीचा नंबर वाचायचा प्रयत्न करत बसल्या होत्या. चिखलाने शेवटचा आकडा दिसत नव्हता. तो दुसऱ्याच कोणाचा मुलगा होता. "आधी माह्या लेकराचा आवाज," त्या म्हणत, "मंग जगाचे फोटो." आणि तिसरा नियम असा, की सकाळी लँडलाइनचा रिसीव्हर कोणी उचलायचा नाही. नेमका तेव्हाच त्याने लावला आणि लाइन एंगेज मिळाली तर?

रात्रीच्या फोनबद्दल काकूंचं मत ठाम होतं. एका दुपारी शेंगा सोलताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी कधी विसरणार नाही. एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला असताना एका माणसाने वणीला अर्जंट कॉल मागितला. बायको गेली होती, मुलीला कळवायचं होतं. मुलगी नुकतीच बाळंत झालेली, सासरी, हे त्या माणसाच्याच बोलण्यातून काकूंना कळलं. काकूंनी कॉल जोडलाच नाही. "लाईन लागून नाही राह्यली, भाऊ," असं त्याला रात्रभर सांगत राहिल्या. पहाटेची पहिली एसटी निघायची वेळ झाली तेव्हा जोडला.

"रातच्याले कळून ते करनार काय होती?" काकू म्हणाल्या. "गाडी नाही, घोडा नाही. ओली बाळंतीण रडत बसली असती सकाळपर्यंत. मी म्हटलं, झोपू दे एक रात. मायवाली पोरगी म्हणून शेवटची रात हाय तिची."

सिस्टर शेंगा सोलायची थांबली. "अन् तिले नंतर समजलं असन तं, काकू? का फोन मुद्दाम नाही जोडला?"

"शिव्या देल्या असतीन मले. द्याव तिनं. पन झोपली तं होती."

बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. सिस्टर म्हणाली, मी नसतं असं केलं. काकूंनी तिच्याकडे बघून मान हलवली, पटल्यासारखी, आणि शेंगांचं सूप पुढे ओढलं.

आता त्या सकाळची गोष्ट सांगते.

गल्लीत नालीचं काम चाललं होतं. आदल्या संध्याकाळी उशिरापर्यंत जेसीबीची घरघर होती. रात्री नेहमीप्रमाणे कुकर लागला, आम्ही झोपलो. सकाळी काकूंनी सडा टाकला, दूध तापवलं, चहा झाला. फोन वाजला नाही. पोरगा हैदराबादहून परत येत होता, आदिलाबादच्या आसपास कुठेतरी चहाला थांबायचा होता. थोडा उशीर व्हायचाच कधी कधी. काकूंनी ओसरी पुसली. आधीच पुसलेली होती. दुसऱ्यांदा चहा ठेवला, तो कोणी प्यायलं नाही.

ऊन कडुनिंबाखाली आलं तेव्हा काकू आत गेल्या आणि कुकर घेऊन बाहेर आल्या. ओसरीच्या पायरीवर बसल्या, कुकर मांडीत. दोन्ही हात झाकणावर. सिस्टरची ड्यूटीची वेळ होऊन गेली होती, ती युनिफॉर्म घालून तशीच भिंतीला टेकून उभी. मला कचेरीत बैठक होती. आम्हा दोघींनाही जायचा धीर होईना.

"काकू, उघडू का?" सिस्टरने हळूच विचारलं. "मी लावून पाहते त्याले. थांबला असन तं उचलन."

"अन् चालवून राह्यला असन तं?"

"काकू, दिवस आहे आता," मी म्हटलं.

"दिवसा हात दोन असतात का तीन?" त्या माझ्यावर ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग आवाज एकदम उतरला. "अन् उघडला, अन् त्याच्या आधी फोटो आला तं? मले नाही पाहाचा फोटो. मले त्याच्या तोंडून आयकू द्या."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. सिस्टरही बसली. मी काकूंच्या झाकणावरच्या हातावर हात ठेवला. मी मनात देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही. आतला फोन त्याच्या विणलेल्या झाकणाखाली गप्प होता आणि आम्ही तिघी जणी त्याच्याकडे कान लावून बसलो होतो.

गल्लीच्या तोंडाशी मोठ्या गाडीचे ब्रेक वाजले. ट्रक आत येऊ शकत नव्हता, नाली खणलेली. एक धिप्पाड माणूस मातीच्या ढिगाऱ्यावरून उड्या मारत, एका पायात चप्पल, पळत आला आणि फाटकाशी आम्हाला पाहून जागच्या जागी थांबला.

"जित्ती हाय नं तू!" तो ओरडला. "जित्ती हाय, अन् बसली हाय!"

काकू उठल्या. कुकर मांडीतून पायरीवर आणि पायरीवरून अंगणात गेला, झाकण उघडलं, आमचे फोन सड्याच्या ओलीत पडले. कोणाचं लक्ष गेलं नाही.

"फोन काहून नाही केला तू?" काकू फाटकापर्यंत गेल्या.

"मी नाही केला? माय, मी पहाटेपासून लावून राह्यलो! घरचा लागत नाही. तुहा बंद. ह्या पोरींचे नंबर माह्यापाशी नाही. मले वाटलं तुले काही झालं. पोरी कामावर गेल्या असतीन, तू घरात एकटी पडली असन, उठवाले कोनी नसन." त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "आदिलाबादपासून इथपर्यंत लावतच आलो. एका हातानं स्टेरिंग, एका हातानं फोन. रस्ता पाह्यलाच नाही म्या."

काकू आत गेल्या. विणलेलं झाकण बाजूला केलं, रिसीव्हर उचलून कानाला लावला. आम्ही दारात. त्या बराच वेळ तशाच ऐकत उभ्या राहिल्या. त्यात काहीच नव्हतं. आदल्या संध्याकाळी जेसीबीने तार तोडली होती. सगळं आयुष्य लाइन तपासण्यात गेलेल्या बाईने त्या सकाळी एकदाही रिसीव्हर उचलून पाहिला नव्हता, कारण त्याला लाइन एंगेज मिळू नये.

मला वाटलं आता त्या रडतील. त्यांनी वळून मुलाच्या दंडावर एक फटका मारला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला हात तिथेच राहिला. "एका हातानं," त्या पुटपुटत राहिल्या. "माह्यापायी. परत माह्यापायी." मग रडल्या, अगदी मोकळ्या गळ्याने. तो एवढा मोठा माणूस, त्याला काय करावं सुचेना, तो नुसता "होय न माय, आलो न माय," म्हणत त्यांच्या डोक्यावर थोपटत होता. सिस्टर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही.

त्याला त्यांनी जेवू घातलं आणि झोपवलं. मालकाला त्याने स्वतःच कळवलं की गाडी पांढरकवड्याला उभी आहे, संध्याकाळी निघतो. आम्ही दोघी कामावर गेलो, मी बैठकीला उशिरा पोहोचले आणि साहेबांनी माझा चेहरा बघून काही विचारलं नाही.

संध्याकाळी परत आले तेव्हा तो निघायच्या तयारीत होता. रात्रीतून नागपूर गाठायचं होतं. काकूंनी डबा बांधून दिला होता. तो पायरीवर बसून चप्पल घालत होता, नवीन, दुपारी बाजारातून आणलेली. अंगणात आम्ही दोघी होतो.

"माय, आता असं करू," तो म्हणाला. "तुहं बरोबर हाय. मी बी आता फोन बंदच ठेवत जातो. गाडीत बसलो का बंद, उतरलो का चालू. मंग ना तुह्या हाताचं भेव, ना माह्या. काय म्हनता सिस्टर?"

सिस्टरने जोरात मान हलवली. मीही हलवली. इतके दिवस काकूंनी घरादाराला जे शिकवलं, ते आज पोरगा आपणहून करायला निघाला होता. त्यांना किती बरं वाटेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नको," काकू म्हणाल्या.

"काहून?"

"चालू ठेव तू."

"अन् वाजला तं?"

"नाही वाजनार. मी लावत नाही. त्या रातीपासून लावला का?"

"मंग चालू कायले ठेवू, माय?"

त्यांनी पदर हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला. आमच्याकडे बघितलं नाही.

"लावत नाही मी," त्या म्हणाल्या. "पन रोज रातच्याले अंथरुनावर पडलं का मनात लावते तुले. बंद असला तं मनात बी लागनार नाही, बाबू."

तो चप्पल घालून उठला. मग त्याने खिशातून फोन काढला, आवाज वाढवला, एकदा रिंग वाजवून आईला ऐकवली, आणि तसाच चालू खिशात ठेवून गाडीकडे गेला.